साल्मियाची लेडी मक

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार

मनी एक्स्चेंजवाल्यांनी फुकट दिलेली ही डायरी कपाटावर पडून होती. आज खाली काढली. मनात जे साठलंय ते माझ्या नवऱ्याला, रूपेशला सांगून उपयोग नाही, आणि बाहेर कुणाला सांगितलं तर उद्या दुपारच्या आत साल्मियाला, त्या बाईच्या घरी पोचेल. म्हणून इथे लिहिते.

आज शर्मिलावहिनींकडे हळदीकुंकू होतं. रमजान आणि ईद आटोपेपर्यंत यंदा सगळ्यांनीच थांबवून धरलं होतं, त्यामुळे आता रथसप्तमीच्या आत जी ती आपापलं उरकतेय. शर्मिलावहिनी म्हणजे आमच्या इथल्या, कुवेतच्या मराठी मंडळाच्या महिला विभागाच्या अध्यक्षा. माहेर सासर दोन्ही पुण्याचं. नवरा शशिकांत पेट्रोकेमिकल कंपनीत मोठा इंजिनियर. घर साल्मियाला, समुद्राकडे तोंड करून, खिडक्यांना जमिनीवर लोळणारे पांढरे जाळीचे पडदे. त्या घरातून मला कामासाठी नाही, पाहुणी म्हणून बोलावणं आलं ते यंदा पहिल्यांदाच. मी जाब्रियातल्या सलूनमध्ये थ्रेडिंग आणि फेशियल करते, रूपेश राई नावाच्या भागात एका गॅरेजात फोरमन. आम्हाला अशी बोलावणी येत नाहीत. त्यामुळे मी हुरळले. काळी चंद्रकळा नेसले, आईच्या मोत्याच्या कुड्या घातल्या आणि रूपेशला आमच्या अब्बासियाहून तिथपर्यंत गाडी काढायला लावली.

दार वहिनींनीच उघडलं. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. दोरा आहे ना गं पर्समध्ये?"

दोरा माझ्या पर्समध्ये कायम असतो. त्यांनी मला सरळ बेडरूममध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. आधी त्यांचा अप्पर लिप. मग "आलीच आहेस तर" म्हणून त्यांच्या मैत्रिणी एकामागून एक येऊन बसत गेल्या. बाहेर उखाणे चालले होते, हशा ऐकू येत होता, तिळगुळाचे डबे उघडल्याचा आवाज येत होता. मी आत उभी, चंद्रकळेवर पावडर सांडलेली. मी बाहेर आले तेव्हा बायका चपला घालत होत्या आणि तबक आत गेलं होतं. वहिनींनी वाणाची साबणदाणी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "अगं, तुझं कुंकू राहिलंच. घरी जाऊन लावून घे हं." शेजारी त्यांची मद्रासी मैत्रीण उभी होती. तिला इंग्रजीत म्हणाल्या, शी इज व्हेरी गुड विथ हर हँड्स, सच अ सिंपल गर्ल.

सिंपल गर्लला इंग्रजी कळतं. लिहायला अडखळते, पण कानाला सगळं कळतं. सलूनमध्ये गोऱ्या बायकांची नखं घासता घासता शिकलेय.

हळदीकुंकवाला बोलावलेली सवाष्ण कोऱ्या कपाळाने परत पाठवायची, असं आमच्या कुडाळात वैरीण करणार नाही. रूपेशला सांगितलं तर तो म्हणाला, "कुंकू घराकडे आसा मा? मगे?" पुरुषांना काय कळणार. मी डूख धरला आहे, आणि तो मी सोडणार नाही. ह्याची परतफेड चार लोकांत करायची, आणि ती कुणी केली हे त्या बाईला कळलं पाहिजे. नाहीतर काय मजा.


३० जानेवारी, शनिवार

आज मेट्रन आली होती. जाब्रियातल्याच एका हॉस्पिटलात ती मोठी नर्स आहे, खुद्द इंग्लंडची, पन्नाशीची, लालबुंद. महिन्यातून दोनदा येते आणि पाय टबात सोडून तोंडाचा पट्टा चालू करते. बरोबर तिची शाळेत शिकवणारी मैत्रीण असते. आज विषय होता एका सर्जनची बायको. ती कुणाच्यातरी पार्टीत हातमोजे घालून आली म्हणे.

मी नखं घासत होते आणि कान देऊन ऐकत होते. आपल्याकडे नाकाने कांदे सोलणारी म्हटलं की संपलं. फार तर दीडशहाणी, तोऱ्याची. ह्यांच्याकडे शब्दांचं दुकान आहे. पॉश म्हणजे बरं. स्टक-अप म्हणजे ताठ. टॉफी-नोज्ड म्हणजे नाक वर. एअर्स अँड ग्रेसेस म्हणजे नखरे. जसजशी बाईची पायरी बदलते तसतसा शब्द बदलतो. शेवटी मेट्रन म्हणाली लेडी मक, आणि दोघी इतक्या हसल्या की टबातलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

मी विचारलं, मॅडम, लेडी मक कोण? मेट्रन म्हणाली की मक म्हणजे शेणखत. उकिरड्यावर सिंहासन मांडून बसते ती लेडी मक. तिची आई म्हणे अशाच एका बाईच्या घरची फरशी पुसायची आणि रोज घरी येऊन लेकीला नवा शब्द शिकवायची. मग माझा गाल थोपटून मैत्रिणीला म्हणाली, शी इज अ लिटल ट्रेझर, धिस वन. ट्रेझर म्हणजे खजिना. दिवसभर मला बरं वाटत होतं. कुणाचं तरी लक्ष असतं माणसाकडे.


११ फेब्रुवारी, गुरुवार

पाडव्याच्या स्नेहसंमेलनाचं पत्रक आलं. नाटुकलं, लहान मुलांची गाणी, जेवण आणि फिशपाँड. ते वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली.

देवच पावला म्हणायचा. कॉलेजात असताना फिशपाँडमध्ये माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. चिठ्ठीवर वर नाव लिहायचं, आत टोमणा लिहायचा, खाली सही नाही, डब्यात टाकायची. सूत्रसंचालक भर सभेत वाचतो आणि ज्याच्यावर पडलाय त्याने हसून घ्यायचं. रागावला तर तोच हलका ठरतो. वर्षाचं वैर मिटवायला आपल्या लोकांनी काढलेली ही युक्ती आहे. वाढवायलाही उपयोगी पडते.

दुपारी शर्वरीताई आयब्रोजला आल्या होत्या. ताई एका शाळेत इंग्रजी शिकवतात आणि दर शुक्रवारी मंडळाच्या पोरांना मराठी. फुकट. ती पोरं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात, तरी ह्या बाईला कंटाळा येत नाही. त्यांचे यजमान जयदीप शशिकांत साहेबांच्याच कंपनीत आहेत आणि संमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी तेच करतात. शर्वरीताई सलूनमध्ये आल्या की खुर्चीत बसण्याआधी माझी चौकशी करतात. मी त्यांना मेट्रनचे शब्द सांगितले तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोरा थांबवावा लागला. म्हणाल्या, "दर्शना, तुझा कान फार चांगला आहे. तू माझ्याकडे येऊन लिहायलाही शीक ना." बघू म्हटलं.


२० फेब्रुवारी, शनिवार

आज खुद्द बाईसाहेब, शर्मिलावहिनी, सलूनमध्ये. दर वेळी मलाच घरी बोलावून घेतात, आज स्वतः आल्या, त्याही बसने. ड्रायव्हर गावाला गेलाय म्हणाल्या. केसांना रंग लावायचा नाही, नुसती टोकं कापायची. "आता नॅचरलच ठेवणार आहे, परदेशात तीच फॅशन आहे." पांढऱ्या केसांचीसुद्धा मिजास. गळ्यात नेहमीचं मोठं मंगळसूत्र नव्हतं, काळ्या मण्यांची साधी पोत. हाही साधेपणाचा नखरा असणार. अक्षयला, म्हणजे मुलाला, वर्ष अर्धं असतानाच पुण्याला पाठवलं म्हणाल्या. इथल्या शाळा त्यांच्या मुलाच्या लायकीच्या राहिल्या नाहीत म्हणे.

मी टोकं कापत होते आणि मनात म्हणत होते, बोल बाई, बोल. पाडव्यापर्यंत बोलून घे.

आमच्या मुदीराने, म्हणजे मॅनेजरीणबाईने, त्यांना नव्या फेशियलचं कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं आणि परत ठेवून दिलं. स्वस्तातलं फेशियल त्यांच्या चेहऱ्याला चालत नसेल.


४ मार्च, गुरुवार

सापडलं!

मेट्रन सर्जनच्या बायकोबद्दलच बोलत होती. म्हणाली, कर्टन्स अँड किपर्स, दॅट्स ऑल शी इज. मी लगेच विचारलं. तिच्या गावाकडची म्हण आहे. किपर म्हणजे धुरी दिलेला सुका मासा, गरिबाचं जेवण. रस्त्यावरून दिसावेत म्हणून खिडक्यांना भारी पडदे लावायचे आणि आत बसून सुका मासा खायचा. त्या घराला आणि त्या घरातल्या बाईला असं म्हणतात.

आमच्याकडे बडा घर पोकळ वासा म्हणतात तेच, पण त्यात मासा नाही. सुक्या बांगड्याचा वास काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. पावसाळाभर तोच खाऊन वाढले आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण शर्मिलावहिनी! ज्या बाईने एकदा माझ्या डब्याचा वास आला म्हणून लिफ्टमध्ये रुमाल नाकाला लावला होता, तिच्या त्या पडद्यांमागे बांगडा! मेट्रनला मी अपॉइंटमेंटच्या कार्डावर ते शब्द लिहून द्यायला सांगितले. तिला वाटलं, मी अभ्यास करतेय. म्हणाली गुड गर्ल.

मराठीत लिहिलं असतं तर कुणीही लिहू शकलं असतं. वहिनींना इंग्रजीचा अभिमान, तर इंग्रजीतच घ्या.


१२ मार्च, शुक्रवार

चिठ्ठी लिहिली. कार्डावर बघून, मोठ्या अक्षरांत, चार कागद फाडून पाचवा चांगला आला. वर शर्मिलावहिनींचं नाव. आत: लेडी मक ऑफ साल्मिया. ऑल कर्टन्स अँड किपर्स.

रूपेशने बघितलं. वाचता आलं नाही, पण माझं तोंड बघून त्याला कळलं. म्हणाला, "त्या बाईचा नाद सोड गे. पाण्यात ऱ्हवान माशाशी वैर कित्याक?" मी म्हटलं, ह्या पाण्यात मीच मगर आहे. तो टीव्ही बघायला गेला.

नाटुकल्याच्या तालमीच्या ठिकाणी फिशपाँडचा डबा ठेवला होता. गर्दीत हात घालून आले.


१९ मार्च, शुक्रवार

आजच लिहायला हवं.

शाळेचा हॉल भरला होता. शर्मिलावहिनी नेहमी पहिल्या रांगेत मधोमध असतात, आज चौथ्या रांगेत कडेला बसल्या होत्या आणि शेजारी शशिकांत साहेब. विनम्रपणा दाखवायचा असेल. माझी जागा मी अशी धरली होती की मला त्यांचं तोंड दिसावं.

फिशपाँड सुरू झाले. खजिनदारांवर पडला, नाटकातल्या म्हाताऱ्यावर पडला, लोक रंगात आले. मग जयदीपनी माझी चिठ्ठी उघडली. नाव वाचलं, हॉलमध्ये ओऽ झालं. मग त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या आणि ते अडले. निम्म्या हॉलला कळलंच नाही. एवढं करून वाया जातंय की काय! तेवढ्यात जयदीपनी पुढे पोरांना घेऊन बसलेल्या शर्वरीताईंना माइकवरून विचारलं, "आमच्या घरची डिक्शनरी, किपर्स म्हणजे काय?"

शर्वरीताई शिक्षिका. प्रश्न आला की उत्तर देतात. उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, लेडी मक, पडदे, सुका मासा, सगळं. बाहेर थाट आणि आत खायचे वांधे, असा अर्थ आहे म्हणाल्या. सांगता सांगता शेवटी त्यांचा आवाज बसला. हॉलमध्ये हशाचा नुसता स्फोट. शिट्ट्यासुद्धा वाजल्या. शर्वरीताईंची नजर हॉलभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी टाळ्या वाजवत होते.

आणि शर्मिलावहिनी हसल्या. हसायलाच लागतं. पण त्यांचा चेहरा मी बघितला. रंग उतरून पार पांढरा फटक. शशिकांत साहेब खाली बघत होते, वर बघेचनात. एवढ्या मोठ्या माणसाला एवढीशी थट्टा सोसू नये? दोघं जेवायला थांबले नाहीत.

मी मात्र पोटभर जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं.


२१ मार्च, रविवार

दिवसभर गाणं गुणगुणतेय. मुदीरा म्हणाली, आज तुझी पगारवाढ झाली का? मी म्हटलं त्याहून मोठी.

एकच खंत. बाईला कळलं नाही कुणी मारलं ते. पण कळेल. अशा गोष्टी कळतातच.


३ एप्रिल, शनिवार

कळलं. उलटंच कळलं.

सगळं मंडळ म्हणतंय की तो फिशपाँड शर्वरीताईंचा. दुसऱ्या कुणाला येतं असं इंग्रजी? आणि नवरा बायकोने ठरवूनच केलं, त्याने अडल्याचं नाटक केलं आणि हिने अर्थ सांगितला. शर्मिलावहिनींनी शर्वरीताईंना फोन करून सांगितलं म्हणे की आमच्या घरी पुन्हा पाय ठेवू नकोस. दहा वर्षांच्या मैत्रिणी होत्या दोघी.

मी रूपेशला म्हटलं, पण एवढ्या टोमण्यावर एवढा राग? तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "तुका ठावक नाय? शशिकांत सायबाची नोकरी गेली. तेलाचो भाव पडलो ना, कंपनीन कॉन्ट्रॅक्ट वाढवल्यान नाय. जानेवारीतच नोटीस दिल्यानी." त्यांची गाडी राईला विकायला लागली आहे, ह्याच्या गॅरेजसमोरच्या शोरूममध्ये, महिना झाला. ही गोष्ट मंडळात फक्त शर्वरीताई आणि जयदीप यांना माहीत होती, आणि त्यांना वहिनींनी शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही.

बाहेर थाट आणि आत खायचे वांधे.

मला पहिल्यांदा आनंद झाला. खोटं कशाला लिहू? नेम धरला होता पायावर आणि लागला काळजावर. मग मी ताटातला भात चिवडत बसले. ती बस, ती पोत, ते कार्ड परत ठेवणं. मी कापत होते ती टोकं.

पण म्हणून हळदीकुंकू विसरायचं? नोटीस मिळाली म्हणून दुसऱ्या बाईला बेडरूममध्ये कोंडायचं असतं का? माझं भांडण त्यांच्या नोकरीशी नव्हतं, त्यांच्याशी होतं. अजून आहे.

शर्वरीताईंचं मात्र वाईट झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी काय करू, मी त्यांचं नाव थोडंच घेतलं होतं.


१७ एप्रिल, शनिवार

शर्वरीताई आल्या होत्या. नेहमीसारख्या, आयब्रोजसाठी. डोळ्यांखाली काळं आलंय. त्यांचा शुक्रवारचा वर्ग बंद झाला. आयाच पोरं पाठवत नाहीत, अध्यक्षाबाईंच्या घरची अडचण जिने चारचौघांत उघडी केली तिच्याकडे मुलं कशी पाठवायची म्हणतात. काल त्या नेहमीप्रमाणे वह्या घेऊन जाऊन बसल्या आणि एकही मूल आलं नाही.

मी दोरा धरला. आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तशाच म्हणाल्या, "मेट्रन येते का गं अजून?"

मी हो म्हटलं.

"चांगली आहे," म्हणाल्या.

त्यांना माहीत आहे. पहिल्या क्षणापासून माहीत आहे, त्या दिवशी हॉलमध्येच कळलं होतं. मग सांगत का नाहीत? एक शब्द बोलल्या की सुटल्या. शर्मिलावहिनींना फोन करायचा, त्या सलूनवालीने लिहिलं म्हणायचं, झालं. उलट मीच वाट बघतेय की त्यांनी सांगावं. काय मिळतं ह्या बाईला गप्प राहून? मला भीती घालतेय का? रूपेशला विचारलं तर तो म्हणाला, तू खरंच विचारतंस?

जाताना त्यांनी माझ्यासाठी एक पुस्तक ठेवलं. इंग्रजी लिहायला शिकण्याचं, पहिल्या पायरीचं. मी ते पिशवीत खाली घातलं.


२९ एप्रिल, गुरुवार

शर्मिलावहिनी आणि साहेब कायमचे परत जाताहेत. पुढच्या शुक्रवारचं विमान. सगळं सामान विकलं.

दिवसभर एकच विचार डोक्यात. ती बाई जाईल आणि जन्मभर समजेल की तिला शर्वरीने मारलं. पुण्यात म्हातारी होईल, सुनेला सांगेल, आमची एक मैत्रीण होती कुवेतला. त्या गोष्टीत मी कुठेच नाही. मी म्हणजे ती सिंपल गर्ल, हात बरा असलेली. एवढे महिने पोटात ठेवलं, चार कागद फाडले, आणि श्रेय दुसरीला!

शर्वरीताईंसाठी तरी शर्मिलावहिनींकडे जाऊन खरं सांगावं असं रूपेश म्हणतो. शर्वरीताईंचंही होईल त्याबरोबर. पण ह्या डायरीत खरं लिहायचं ठरवलंय. मला जायचंय ते माझ्यासाठी. मला तिच्या डोळ्यांत बघून सांगायचंय आणि ते डोळे बघायचेत.


६ मे, गुरुवार

साल्मियाला जाऊन आले.

रूपेश खाली गाडीत थांबला. दार उघडंच होतं. हॉलमध्ये खोकी, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. शशिकांत साहेब खोक्यांना टेप लावत होते, बनियनवर. शर्मिलावहिनी एका स्टुलावर बसल्या होत्या. केस अर्धे पांढरे. मला बघून उठल्या, म्हणाल्या, "तू आलीस? बाकी कुणी फिरकलंसुद्धा नाही बघ. बसायला काही नाही गं, खोक्यावर बस."

मी बसले नाही. जे पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "वहिनी, तो फिशपाँड मी लिहिला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पण बघत राहिले. एवढ्यासाठीच आले होते. मी म्हटलं, हळदीकुंकवाला तुम्ही मला आत कोंडलंत, कुंकू लावलं नाहीत, त्याचा राग होता. शर्वरीताईंचा काही संबंध नाही. मीच लिहिला.

त्यांचं तोंड वाकडं होईल, त्या मला हाकलतील, निदान हात उगारतील असं वाटलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. आणि त्या हसल्या.

"वेडी आहेस का?" म्हणाल्या. "शर्वरीसाठी एवढं?"

मी म्हटलं, नाही हो वहिनी, खरंच मी. सलूनमध्ये एक इंग्रज बाई येते, तिच्याकडून शिकले. लेडी मक म्हणजे उकिरड्यावरची राणी. किपर म्हणजे सुका मासा.

"ते त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं, राजा. शर्वरीनेच तर सांगितलं माइकवर."

मी म्हटलं, कागद आणा, मी लिहून दाखवते. त्या माझे हात हातात घेऊन थोपटत राहिल्या, लहान पोरीला समजवावं तशा. म्हणाल्या, "तुला कसं येईल गं ते? आणि कुंकवाचं काय म्हणतेस, मला तर आठवतसुद्धा नाही. राहिलं असेल गडबडीत." त्या खोटं बोलत नव्हत्या. मी तोंडाकडे नीट बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मी म्हटलं, शर्वरीताईंना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे. तर एकदम कडक झाल्या. "तिचं नाव काढू नकोस. तिने तुला पाठवलं असेल तर तिला सांग, स्वतः यायचं होतं." मग पुन्हा मऊ आवाजात, "आणि पाठवलं नसेल, तू आपणहून आली असशील, तर तुझ्यासारखी तूच. दुसरीचा दोष कुणी अंगावर घेतं का हल्ली?"

मी काय बोलणार होते? मी दुष्ट आहे हो, माझ्यावर विश्वास ठेवा, असं?

त्यांनी शशिकांत साहेबांना हाक मारली. म्हणाल्या, शशी, ही बघ, शर्वरीचं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायला आलीये, काय सोनं माणूस आहे. साहेब टेप धरून माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी मला नमस्कार केला. मला. बनियनवर, दोन्ही हात जोडून.

वहिनींनी डोळे पुसले आणि त्यांना इंग्रजीत म्हणाल्या, शी इज अ रिअल लेडी.

जिना उतरले. गाडीत बसले. रूपेशने विचारलं, काय झाला, सांगलंस काय?

सांगितलं म्हटलं.

"मगे? काय म्हणाली?"

मी म्हटलं, ती मला लेडी म्हणाली.

त्याने गाडी सुरू केली. सिग्नलला माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "मगे रडतंस कित्याक?"